आमची डोण

परवा नातवाला साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर दाखवली. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली. तो शिल्पं बघत होता, मला आमच्या मळ्यातली डोण आठवली.

जांभळीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, बैलांच्या पाण्याची. आजोबा ती कधी रिकामी ठेवू देत नसत. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं नि तडकतं. बारीक चीर भरून ठेवली की आपोआप मिटते. मोठीत सुताचा पीळ ठासून वर तेलात कढवलेली राळ. तीही फट कोरडी करूनच, ओल्यावर राळ धरत नाही. पुढे सांगलीच्या घाटावर नावाडी नावेला हेच करताना दिसले, तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आजोबा गेले, विजेचा पंप आला, बैल विकले. मी सांगलीला नोकरीत. मे महिन्याच्या सुट्टीत आलो तर डोणीत शेवाळ. मोठ्या शहाणपणाने उपसली, घासली, उन्हात पालथी टाकली. पंधरा दिवसांत बूड या टोकापासून त्या टोकापर्यंत उललं. बोट जाईल एवढं.

आई एवढंच म्हणाली, "मास्तर ना रे तू?"

चुलीत मात्र तिने घालू दिली नाही. गोठ्यात आहे अजून. कोंबड्या बसतात तीत.