भूपाळगडाचा उतार

विट्याहून खानापूरच्या पुढे गेलं की ऊस मागे राहतो आणि माळ सुरू होतो. बाभळी, कुसळं, मेंढरांचे कळप आणि कानात शिरणारं वारं. पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये तो दक्षिण साताऱ्यात गेला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. इथले कितीतरी तरुण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेत, त्यामुळे गावोगाव बांधलेले बंगले आणि त्यांना लावलेली कुलुपं दिसतात.

बाणूरगड गाव भूपाळगडावरच वसलंय. सह्याद्रीतल्या गडांचा रौद्रपणा इथे शोधू नये. तटाचे ढासळलेले तुकडे, महादेवाचं देऊळ, आणि शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक यांची म्हणून पुजली जाणारी समाधी. बहुतेक लोक येतात ते समाधीसाठीच. आपला माग कुणाला लागू नये म्हणून जन्मभर झटलेल्या माणसाचा पत्ता आता कुणीही सांगतं, याची मला गंमत वाटते.

1679 च्या एप्रिलमधली गोष्ट मात्र गडावर फारशी निघत नाही. मोगल सरदार दिलेरखान तोफा घेऊन आला तेव्हा त्याच्या छावणीत युवराज संभाजीराजे होते. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा, 1660 मध्ये चाकणला शायिस्ताखानाला झुंजवणारा. समोर युवराज पाहून त्याचा हात आखडला असं सांगतात. गड पडला. सातशे कैद्यांचा एकेक हात तोडून दिलेरखानानं त्यांना सोडून दिलं.

युवराज का गेले, परत कसे आले, यावर आपण भरभरून वाद घालतो. घालावेत. पण तटाजवळ उभं राहिल्यावर मला ते सातशे जण अडवतात. मेले असते तर वीरगळ तरी झाली असती. ते जगले, याच उतारानं खाली उतरले असणार, आणि पुढे पावसाळा तोंडावर होता. त्यांतले बरेच कुणबाऊ असतील, असं मला वाटतं. बैलाच्या मानेवर जू ठेवून सापत्या अडकवायच्या, मोटेचा नाडा धरायचा, कडब्याची पेंढी आवळायची. यातलं एका हातानं काय जमतं, ते या माळावर राबणाऱ्या कुणालाही विचारावं.