पहिल्या दिवसाचा हिशेब

शाळेच्या परदेश सहलीचे माहितीपत्रक पालकांच्या हाती पडते, तेव्हा त्यातील पहिला दिवस बहुधा सर्वांत भरगच्च असतो. सकाळी आगमन, लगेच शहरदर्शन, दुपारी भोजन, सायंकाळी दिव्यांचा देखावा. दिलेले पैसे पहिल्या दिवसापासूनच वसूल होणार, असे समाधान ती ओळ वाचताना वाटते. अशा आखणीमागील कारण मात्र पत्रकात छापलेले नसते. आपल्याकडून पूर्वेकडे जाणारी बरीच विमाने रात्री निघून सकाळी पोहोचतात, आणि हॉटेलच्या खोल्या साधारणपणे दुपारी दोन-तीननंतर ताब्यात मिळतात. मधले सहा-सात तास शहरदर्शनाने भरून काढले जातात. एका रात्रीचे खोलीभाडे वाचते आणि त्याची किंमत मुलांच्या झोपेतून वळती होते.

पनवेलच्या एका शाळेतील आठवी-नववीचे २८ विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूरला गेले, तेव्हा हेच घडले. सोबत गणित शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ बाई, एक तरुण सर, दुसऱ्या एक शिक्षिका आणि सहल कंपनीचा माणूस. विमान रात्री साडेअकराचे होते. बस मात्र सायंकाळी पाचलाच शाळेच्या दारातून सुटली. मुलांपेक्षा निरोप देणाऱ्यांचीच गर्दी मोठी होती. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलांनी वाशीची खाडी ओलांडतानाच डबे उघडले. विमानतळावर सामान, तपासणी, पासपोर्टवरील शिक्के, पुन्हा तपासणी आणि मग ताटकळणे, असे चार तास गेले. बहुतेकांचा तो पहिलाच विमानप्रवास. खिडकीबाहेर काळोख असूनही कोणी डोळे मिटायला तयार नव्हते.

साडेपाच तासांच्या या प्रवासात शरीरावर काय भार पडतो, याची कल्पना मोठ्यांनाही नसते. विमानाच्या आतील हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे मूल खुर्चीत बसल्या बसल्या रात्रभर महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखराहूनही उंच जागी असते. शिवाय ती हवा अत्यंत कोरडी. घसा सुकतो, डोके जड होते, आणि पाणी मागायचा संकोच वाटतो.

त्यात घड्याळाची भर पडते. पनवेल पूर्व रेखांश ७३ अंशांच्या जवळ, तर सिंगापूर १०४ अंशांच्या जवळ आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर दोन्हींच्या सूर्यात सुमारे दोन तासांचे अंतर येते. घड्याळातील फरक मात्र अडीच तासांचा आहे. सिंगापूरने १ जानेवारी १९८२ रोजी मलेशियाशी मेळ घालण्यासाठी आपले घड्याळ आणखी अर्धा तास पुढे नेले. त्यामुळे तेथे बारा महिने सूर्य सातच्या आगेमागे उगवतो आणि सातच्या आगेमागे मावळतो. मुले उतरली तेव्हा तेथील घड्याळात सकाळचे साडेसात वाजले होते. त्यांच्या शरीराच्या लेखी पहाटेचे पाच. माणसाच्या आतील घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे दिवस लांबला तर ते सोसते, आखडला तर कुरकुरते. पूर्वेकडील प्रवास अधिक थकवतो, त्याचे कारण हेच.

आदल्या दिवशी सहा वाजता उठलेली ती मुले बसमध्ये बसली, तेव्हा त्यांच्या जागरणाला चोवीस तास होऊन गेले होते. मर्लायनच्या साडेआठ मीटरहून उंच पुतळ्यासमोर त्यांना उतरवून बस पुढे गेली, कारण तेथे ती उभी करता येत नव्हती. विषुववृत्ताजवळचे दमट ऊन अंगाला चिकटत होते. छायाचित्रासाठी रांगा लावताना बाईंनी सवयीने मोजणी केली. २७. पुन्हा मोजले. २७. तिसऱ्यांदा प्रत्येकाला आपापल्या जोडीदाराचा हात धरायला सांगितले, तेव्हा आठवीतील एक मुलगा एकटाच उरला. त्याचा जोडीदार तेथे नव्हता.

समोर पाण्याची खाडी होती. बाईंची नजर प्रथम तिकडे गेली. सर पुलाच्या दिशेने धावले. कंपनीचा माणूस बसचालकाला फोन लावत राहिला. गाडी चालवणारा चालक तो उचलत नव्हता. ती वीस मिनिटे सरता सरली नाहीत. इतर मुलांच्या डोळ्यांवरील झोप एका क्षणात उडाली होती. अखेर फोन लागला. मुलगा बसच्या शेवटच्या आसनावर मुटकुळे करून झोपला होता, घसरून पायांपाशी गेला होता, म्हणून कोणाच्या नजरेस पडला नव्हता. बस परत आली. दार उघडल्यावर त्याने डोळे चोळत विचारले, “पनवेल आलं का?”

कोणी हसले नाही. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सायंकाळचा कार्यक्रम रद्द झाल्याचे सांगितले. तिकिटे आगाऊ काढलेली होती. पैसे परत मिळणार नव्हते. कंपनीच्या माणसाने ते दोनदा सांगितले. काही मुले रडली. बाईंचे उत्तर एवढेच होते, “पैसे बुडाले तर बुडाले. त्याचा जाब पालकांना मी देईन.”

खोल्या तयार नव्हत्या. चार मिळाल्या, त्यांत मुलगे व मुली वेगवेगळे, पलंगावर आणि खाली पसरले. दरम्यान पनवेलहून विचारणा सुरू झाली होती, छायाचित्रे का आली नाहीत म्हणून. बाईंनी सर्वांना एकच संदेश पाठवला: “मुले झोपली आहेत. सर्व २८. छायाचित्रे उद्या.” पाच वाजता त्यांनी मुलांना उठवले, नाहीतर रात्रीची झोप बिघडली असती. साडेसहाला सेरांगून रस्त्यावरील एका शाकाहारी भोजनालयात साधा वरणभात झाला. सूर्य सातनंतर मावळणार असल्यामुळे लवकर जेवणाऱ्यांनाही घाई करावी लागली नाही. नऊ वाजता सारे दिवे मालवले गेले.

दुसऱ्या दिवशी सात-सात जणांचे चार गट झाले. प्रत्येक गटाने आपली मोजणी स्वतः करायची, आणि बसमधून सर्वांत शेवटी उतरणाऱ्याने प्रत्येक आसनाखाली पाहायचे. हे शेवटचे काम त्या मुलाने स्वतःहून मागून घेतले आणि परतीच्या दिवसापर्यंत चोख केले.

परतल्यावर पालकसभेत त्या बुडालेल्या तिकिटांचा विषय निघालाच. बाईंनी रक्कम सांगितली आणि ती वीस मिनिटेही सांगितली. त्यावर कोणी पुढे काही विचारले नाही. सहलीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: उतरल्यावर खोली किती वाजता मिळणार, आणि पहिल्या सायंकाळी काय ठेवले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर “लगेच” आणि दुसऱ्याचे “काही नाही” असे आले, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी मोजावेत. सहलीतील तो सर्वांत योग्य खर्च असतो.