शालूचं सिंक

मुरबाडला लग्नसराई सरत आली की माझ्या लाँड्रीत हळद लागलेले शालू, पैठण्या, कुणाच्या आजीचं जपलेलं इरकली लुगडं येऊ लागतं. ज्याला ड्रायक्लीनिंगच हवं ते कल्याणला पाठवतो, बाकीचं हाताने धुतो. त्यासाठी मागच्या पडवीत वेगळं सिंक बसवायचं ठरलं. दुकानदाराने अर्थातच सगळ्यात मोठं पुढे केलं.

मी आधी पाणी मोजलं. २४ बाय १८ इंचांचं, १२ इंच खोल सिंक काठोकाठ भरायला सुमारे ८५ लिटर लागतात. साबणाचं एक आणि खळबळायची दोन पाणी म्हटली, तर अर्धं भरूनही एका साडीला सव्वाशे लिटर. शेजारच्या शहापूर तालुक्यातून तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, पुढे भातसाही देऊ लागलं. आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथली बाई लेकीचा शालू घेऊन समोर उभी असताना सव्वाशे लिटर मोरीत सोडायला हात धजत नाही. साडी घडी करूनच बुडवायची असते. १६ बाय १६, खोली १० इंच पुरते. पाऊणभर भरलं की एका पाण्याला तीसेक लिटर.

गवंडी म्हणाला, सिमेंटची कुंडी करून देतो, स्वस्तात. गोधडीला उत्तम. पण नवं सिमेंट खार सोडतं, आणि रेशीम-लोकरीचा धागा खाराने कमजोर होतो. पारख घरचीच आहे: कुंडीत दोन दिवस मुरलेल्या पाण्यात चिमूटभर हळद टाकावी, शेजारी वाटीत नळाच्या पाण्यात तेवढीच. कुंडीतली लालसर झाली तर खार अजून सुटतोय. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, तोच हा प्रकार. शिवाय सिमेंट खरखरीत, जर अडकते. कोटा, कडप्पा गुळगुळीत असतात, पण दोन्ही चुनखडीचे दगड. संडासाचं ॲसिड एकदा सांडलं की पॉलिश गेलंच. मी ३०४ स्टील घेतलं, कोपरे गोलसर असलेलं.

दुकानात जाताना जुनी शिफॉनची ओढणी न्यावी. सिंकच्या तळावरून, कडेवरून आणि विशेषतः जाळीच्या कड्याभोवती फिरवावी. कुठे अडकली तर ते सिंक नको. दुकानदार हसतो, हसू द्यावं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते भोकाबद्दल. रेशीम ओलं झालं की त्याची ताकद घटते, त्यात जरीचा भार. भरल्या पाण्यातून पदर धरून साडी उचलली की धागे ताणतात. म्हणून साडी जागेवर ठेवून पाणी सोडायचं, मग तळव्याने हलके दाबायचं. भोक मधोमध असेल तर साडीच त्यावर बसते आणि पाणी तुंबतं. ते कोपऱ्यात हवं, रुंद हवं, आणि तळाला तिकडे उतार हवा. हे तयार सिंकमध्ये सहज मिळत नाही. मी फॅब्रिकेटरकडून करून घेतलं, पैसे जास्त गेले, पण वसूल झाले.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि रेशीम ताठर लागतं, तिथे सिंक कितीही चांगलं असून काय उपयोग? पावसाळ्यात पत्र्याखाली स्वच्छ ड्रम ठेवा, पहिला पाऊस जाऊ द्या, मग धरा. रिठ्याला ते पाणी फार छान.

नवी मोरी बांधत असाल तर गवंड्याला एवढं जरूर सांगा: भोक कोपऱ्यात, आणि खळबळलेल्या शेवटच्या पाण्याचा पाइप वेगळा काढून अळवाकडे.