दादाच्या घोरण्याला आम्ही हसायचो

दादाचे घोरणे हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. "वरंध घाटाला गाडी लागली," असे पुतण्या म्हणायचा. भोर-महाड टेम्पो चालवून दमलेला माणूस गाढ झोपतो, अशी आमची समजूत. वहिनी मात्र हसत नसे. ती रात्री उठून त्याच्या छातीला हात लावून पाहायची. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तरी आम्ही ऐकले असते का, कोण जाणे.

गेल्या उन्हाळ्यात घाटात दादाचा डोळा लागला. गाडी कठड्याला घासून थांबली. लोक म्हणाले, प्यायला असेल. दादा पाचवे शील पाळणारा. तो शब्द त्याला फार लागला.

तेव्हा वहिनी बोलली. त्या रात्री पुतण्याने उशाशी मोबाईल ठेवून आवाज टिपला. सकाळी सगळे ऐकत बसलो. घोरणे, मग एकदम शांतता. मी घड्याळात मोजले, २२ सेकंद. मग बुडता माणूस वर यावा तसा आचका. पुन्हा तेच.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घटतो. म्हणून दिवसा पेंग येते. पुढे रक्तदाब, हृदयविकार. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत याच आजाराने गेले. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली फोनमधून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून झोपलेल्याच्या छातीची हालचाल टिपली होती. आपल्याला साधे रेकॉर्डिंगही पुरते. त्याला वेल्ह्याच्या डोंगरात रेंज नसली तरी चालते.

मात्र फोन आजार ठरवत नाही. श्वास तासाला किती वेळा अडतो, हे रात्रभराच्या तपासणीतच कळते. फोनवर काही सापडले नाही म्हणून पेंग येणाऱ्याने स्वस्थ बसू नये. दादाची तपासणी झाली. हवेचा दाब देणारे यंत्र हप्त्याने घेतले.

वर्षावासात वेल्ह्याकडच्या एका विहारात ग्रंथवाचनानंतर मी हे सांगितले. मागून एक आजी म्हणाली, "तुमच्या दादाला वहिनी जागी व्हती. माझं कोण ऐकतंय?"

बाईमाणूस घोरते हे बोलायचीही आपल्याकडे लाज. पण शेजारच्या मुलीने त्याच रात्री आपला फोन आजीच्या उशाशी ठेवला. पुढच्या रविवारी मी पोहोचलो, तेव्हा दोघी विहाराच्या पायरीवर माझी वाट पाहत बसल्या होत्या.