पंचावन्न महिन्यांची बॅटरी

'बॅटरी' हा शब्द मराठीत रुळला तो हातात धरायच्या दिव्याला चिकटून. रात्री शेतावर निघालेल्या माणसाला घरचे कोणी 'बॅटरी घे' असे सांगते, तेव्हा त्याला प्रकाश अभिप्रेत असतो. त्या प्रकाशामागचा विजेचा साठा नव्हे. इंग्रजीत ह्या शब्दाचे मूळ तोफखान्यात आहे. एकत्र मारा करणाऱ्या तोफांच्या रांगेवरून बेंजामिन फ्रँक्लिनने १७४९ मध्ये आपल्या एकमेकींना जोडलेल्या विद्युत्-बरण्यांना ते नाव दिले. मराठी परिभाषेने 'विद्युत् घटमाला' असा प्रतिशब्द घडविला आणि नकळत तोफांच्या जागी गाडगी आणून ठेविली. घटमाला म्हटले की रहाट आठवतो. भरून वर येणारी आणि रिती होऊन खाली जाणारी गाडगी आठवतात. मोटारीच्या बॅटरीत जे घडते त्याला ह्याहून जवळ जाणारा शब्द मिळणे कठीण. तो कोणी वापरीत नाही, ही गोष्ट निराळी. दुकानात जाऊन घटमाला मागणारा मराठी माणूस अद्याप जन्मास यावयाचा आहे.

ही व्युत्पत्ती काशीतील एका निवृत्त मराठी अध्यापकांना चांगली अवगत होती. आपल्या मोटारीची बॅटरी किती वर्षांची झाली हे मात्र त्यांना सांगता आले नसते. त्यांचे पूर्वज पेशवाईच्या उत्तरार्धात काशीस आले आणि ब्रह्माघाटाच्या एका बोळात राहिले. त्या बोळातून दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. मोटारीची कल्पनाही तिथे शिरू शकली नसती. पुढे ते विद्यापीठाच्या बाजूस, लंकेच्या पलीकडे राहावयास आले आणि २०१० मध्ये त्यांनी एक मारुती ८०० घेतली. पंडितांच्या घरात मोटार हा चैनीचा विषय मानला जात असे. मोटारही तशी संकोचानेच राहिली. तेरा वर्षांत तिने चाळीस हजार किलोमीटरही ओलांडले नाहीत.

चैनीची गरज कशी झाली, ते सांगण्यास फार शब्द नकोत. पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी व शुक्रवारी, डायलिसिस सुरू झाले. सकाळी सहाची पहिली पाळी त्यांच्या वाट्यास आली. घरापासून रुग्णालय चार किलोमीटर. जानेवारीतल्या काशीत सकाळी साडेपाच वाजता गंगेवरून आलेले धुके रस्त्यांत असे भरून राहते की रिक्षा दिसत नाही आणि दिसली तरी थांबत नाही. तेव्हा मोटार.

बॅटरीच्या दृष्टीने ह्याहून वाईट दिनक्रम योजता येणार नाही. गाडीचा सेल्फ मारताना काही क्षणांतच शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह बॅटरीतून खेचला जातो. इंजिन फिरू लागले की आल्टर्नेटर तेवढी भरपाई हळूहळू करू लागतो. पण त्याला वेळ हवा. थंडीत, दिवे आणि वायपर चालू असताना, चार किलोमीटरांत ती भरपाई पुरी होत नाही. मग मोटार चार-पाच तास रुग्णालयाच्या आवारात उभी राहते, पुन्हा सेल्फ, पुन्हा चार किलोमीटर, आणि मग तीन दिवस विश्रांती. दर खेपेस थोडे येणे बाकी राहते. सावकाराच्या वहीत जसे व्याज साचते तसे ते शिशाच्या पत्र्यांवर साचते, फरक इतकाच की इथे ते खरोखर साचते, शुभ्र स्फटिकांच्या रूपाने.

ह्या पेटीच्या पोटात सहा कप्पे असतात. प्रत्येकात शिशाच्या जाळ्या; एकीवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे, आणि सभोवार पाणी मिसळलेले गंधकाम्ल. प्रत्येक कप्प्याचा दाब दोन व्होल्टांहून थोडा अधिक, म्हणून सहांचा मिळून साडेबारा-पावणेतेरा. गास्ताँ प्लाँते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केलेली ही योजना आजही तत्त्वतः तीच आहे. वीज बाहेर जाते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. वीज आत येते तेव्हा ते सल्फेट विरघळून मूळची स्थिती येते. पण बॅटरी दीर्घकाळ अर्धीमुर्धी ठेवली तर ह्या सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग विरघळावयाचे नाकारतात. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा मुका होतो.

लोक थंडीला दोष देतात. वस्तुतः आपल्या देशात बॅटरीला मारतो तो उन्हाळा. मे महिन्यात बॉनेटखाली जी धग साठते तिने आतील जाळ्या गंजतात, पाणी उडते. मरण मात्र उघडकीस येते ते पौषात, जेव्हा गारठ्याने रसायनक्रिया मंदावते आणि घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. रोग एका ऋतूतला आणि निदान दुसऱ्या ऋतूतले. अध्यापकांच्या घरी हा क्रम अपरिचित नव्हता. पत्नीच्या पायांवरची सूज वर्षभर 'चालण्याने आली असेल' ह्या सदरात जमा होत राहिली होती.

९ जानेवारी २०२४, मंगळवार. किल्ली फिरविली तेव्हा इंजिनाने एक दीर्घ उसासा टाकला. दुसऱ्यांदा फिरविली तेव्हा नुसता टकटक आवाज. जुन्या अँबॅसडरला पुढून हँडल घालून फिरविण्याची सोय असे. विजेचा स्टार्टर कारखान्यातूनच मोटारीला बसून येऊ लागला तो १९१२ च्या कॅडिलॅकपासून, आणि तो सर्वत्र रूढ झाल्यावर हँडल हळूहळू नाहीसे झाले. ज्या दिवशी स्टार्टर बोलत नाही त्या दिवशी माणसाच्या हातात काही उरत नाही. उरते ती इतरांची पाठ. समोरच्या घरात भाड्याने राहणारी दोन मुले अंगावर कांबळी घेऊन आली आणि त्यांनी गाडीला धक्का मारला. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच ती हिसका देऊन सुरू झाली. रुग्णालयात पोचण्यास चाळीस मिनिटे उशीर झाला. यंत्रावर पुढील पाळीचा रुग्ण ठरलेला होता. चार तासांचे काम सव्वातीन तासांत आटोपावे लागले. पत्नी काही बोलल्या नाहीत. शुक्रवारपर्यंत त्यांना पाणी आणखी मोजून प्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुकान. तेथील दुकानदाराने बॉनेट उघडून प्रथम बॅटरीच्या माथ्यावरचा काचेचा लहान डोळा पाहिला. तो हिरवा होता. अध्यापकांना वाटले, रोग अन्यत्र असावा. दुकानदार हसला. तो डोळा सहांपैकी एकाच कप्प्यातले आम्ल पाहतो. उरलेल्या पाचांत काय चालले आहे ते त्याला ठाऊक नसते. मग त्याने मीटर लावला: १२.४. हाही आकडा तसा प्रकृती ठीक असल्याचाच. शेवटी त्याने गाडी सुरू करावयास सांगितले, आणि सेल्फचा भार पडताच काटा आठाच्याही खाली कोसळला. चांगली बॅटरी अशा वेळी साडेनऊच्या खाली उतरत नाही. "बैठ गयी है, गुरुजी," तो म्हणाला. स्वस्थ पडलेल्या वस्तूचा आकडा काही सांगत नाही, भार टाकावा लागतो, हे त्याने ज्या सहजतेने सांगितले त्यावर अध्यापक थोडा वेळ विचार करीत राहिले असावेत. कारण पुढचा प्रश्न त्यांना दोनदा ऐकावा लागला.

निवड करावयाची ती कशाची, हे त्यांनी रात्री वाचून ठेविले होते. बारा व्होल्ट, पस्तीस अँपिअर-तास. धन टर्मिनल उजवीकडे की डावीकडे, कारण ते उलट निघाले तर तारा पोचत नाहीत. तळाच्या पत्र्यात बसेल एवढीच लांबीरुंदी. आणि उंची अशी की बॉनेट मिटताना टर्मिनलला टेकणार नाही. दुकानदाराने अधिक ताकदीची पेटी पुढे केली ती त्यांनी नाकारली. इन्व्हर्टरची थोरली बॅटरी स्वस्तात देण्याचा प्रस्ताव शेजारच्या गिऱ्हाइकाने केला, तोही. (अशी मसलत देणारा एक गृहस्थ प्रत्येक दुकानात असतोच.) इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पत्रे जाड असतात, ती तासन्‌तास थोडे थोडे देत राहते. मोटारीच्या बॅटरीचे पत्रे पातळ आणि पुष्कळ. ती दोन-तीन क्षणांत सारे देते आणि परत मागते. एकीचे काम दुसरीस सांगू नये. त्यांनी घडणीची तारीख पाहिली. फडताळात पडून राहिलेली बॅटरीही आतल्या आत उतरत असते, म्हणून दोन महिन्यांपूर्वीची निघाली ह्याचे त्यांना समाधान वाटले.

इथपर्यंत सारे अभ्यासाप्रमाणे झाले. मग दुकानदाराने दोन पेट्या शेजारी ठेविल्या. आकार एक, ताकद एक, रंग निराळे. एकीची हमी छत्तीस महिन्यांची, दुसरीची पंचावन्न. किमतीतला फरक हजार रुपयांच्या आतला. "गाडी अजून किती दिवस ठेवणार, गुरुजी?" त्याने विचारले. प्रश्न व्यापारी होता आणि शहाणपणाचाही. २०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पुरी होणार होती. त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नोंदणी पुन्हा मिळते, पण तेवढ्या खटाटोपात पडायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे. जी गाडी दीड वर्षात मोडीत जायची तिला पंचावन्न महिन्यांची बॅटरी घेणे म्हणजे पैसे टाकणे.

अध्यापकांच्या मनात जो हिशेब झाला तो गाडीचा नव्हता. जानेवारी २०२४ पासून छत्तीस महिने म्हणजे २०२७ चा जानेवारी. पंचावन्न म्हणजे २०२८ चा ऑगस्ट. आठवड्यास दोन ह्या प्रमाणाने पहिल्या पेटीत तीनशेंवर सकाळी मावत होत्या आणि दुसरीत पावणेपाचशेंच्या आसपास. डॉक्टरांना त्यांनी असा प्रश्न कधी विचारला नव्हता आणि डॉक्टरांनी आपण होऊन कधी आकडा सांगितला नव्हता. तो आता फळीवर, दोन रंगांत, किमतीसह मांडून ठेविलेला होता. छत्तीसवर बोट ठेवणे शक्य नव्हते. पंचावन्नवर ठेवावे तर त्यात नियतीला डिवचल्यासारखे वाटत होते. ब्रह्माघाटाच्या घरात वाढलेल्या माणसाला अशी शंका आलीच तर ती न्यायशास्त्राच्या अध्ययनाने जात नाही. त्यांनी अखेर लाल पेटी घेतली, पंचावन्नची. आणि दुकानदाराला उत्तर दिले ते एवढेच, की गाडी लागणार आहे.

जुनी बॅटरी काढताना प्रथम ऋण तार सोडतात, मग धन. बसविताना उलट क्रम. गाडीचे सारे अंग ऋण टर्मिनलशी जोडलेले असते, आणि ते जोडलेले असताना धन बाजूवर फिरणारा पाना चुकून पत्र्यास लागला तर ठिणग्या उडतात. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळ असला तर त्याहून अधिक काही. दुकानातला पोऱ्या हे सारे गाणे गुणगुणत करीत होता. तारांच्या टोकांवर साचलेली निळसर-पांढरी भुकटी त्याने सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुतली, टोके घासली, वरून व्हॅसलीन लावले. नऊ-दहा किलोंची जुनी पेटी त्याने उचलून कोपऱ्यात इतर मृतांच्या रांगेत ठेविली आणि तिची किंमत बिलातून वजा झाली. ह्या व्यवहारात वाया काही जात नाही असे म्हणतात. शिसे वितळून पुन्हा शिसेच होते, हे खरे. पण परवाना असलेल्या कारखान्याऐवजी ते एखाद्या वस्तीतल्या उघड्या भट्टीत गेले तर त्याचा धूर तेथील मुलांच्या रक्तात उतरतो. २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२२ चे नियम त्यासाठीच आहेत. अध्यापकांनी ती पेटी कोठे जाईल असे विचारले. दुकानदाराने कंपनीची पावती दाखविली. त्याहून पुढे जाणे ग्राहकाच्या हाती नसते.

निघताना दुकानदाराने एक गोष्ट बजावली. रुग्णालयाच्या फेऱ्यांनी ही बॅटरीही दोन वर्षांत बसेल. हमी पेटीची असते, वापराची नव्हे. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग तासभर पळाली पाहिजे.

घरी पत्नीने हमीचे कार्ड वाचले. "पंचावन्न महिने?" त्या म्हणाल्या. "तुम्ही घासाघीस करून वाढवून घेतलेत की काय?"

"नाही गं. तशीच येते."

"बरी आहे." त्यांनी कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात, वीजबिलांबरोबर ठेविले.

शुक्रवारी गाडी पहिल्या किल्लीस सुरू झाली. रविवारी भोगी होती. भोगीच्या भाजीतले आणि तिळातले जवळजवळ सर्व काही पत्नीस वर्ज्य होते, म्हणून स्वयंपाकघरात करण्यासारखे फारसे नव्हते. दुपारी ऊन पडल्यावर दोघे सारनाथास गेली. धामेक स्तूपाच्या बाजूच्या हिरवळीवर अर्धा तास बसली. परत येऊन गाडीत बसल्यावर अध्यापकांनी घड्याळ पाहिले. जाण्यायेण्याचा मिळून तास भरेल की नाही, ह्याचा ते विचार करीत होते.

"किती कमी पडतंय?" पत्नीने विचारले.

"दहा-पंधरा मिनिटं."

"मग चौबेपूरच्या रस्त्यानं थोडं पुढं जाऊन वळा. मोहरी फुलली असेल."