देवराई कोणत्या विषयात येते?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय असावा, असा निर्देश दिला. तो महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत पोहोचायला एक तप उलटावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी २००४च्या सुमारास एकच अभ्यासक्रम दिला : आठ घटक, पन्नास तासिका, त्यांतल्या पाच क्षेत्रभेटीच्या. पहिला घटक या विषयाच्या बहुविद्याशाखीय स्वरूपाचा. मात्र तो शिकवायला स्वतंत्र अध्यापक बहुतेक ठिकाणी नव्हता. ज्याचा कार्यभार भरत नाही, त्याच्या गळ्यात हा पेपर पडे. तसा तो माझ्या, म्हणजे मराठीच्या अध्यापकाच्या, वाट्याला आला. 'मराठीवाल्याने ओझोनचा थर शिकवायचा!' अशी थट्टाही झाली.

या थट्टेत एक गृहीतक दडलेले आहे. पर्यावरण हा मूळचा विज्ञानाचा विषय. इतरांनी तो उसना शिकवायचा. देवराईवरचा पाठ शिकवताना हे गृहीतक डळमळू लागले. जैवविविधतेच्या घटकात देवराईची व्याख्या चार ओळींत संपते. ती लिहून घेतल्यावर मावळातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या गावाने राईतली झाडे विकून देवळाचा जीर्णोद्धार करायचे ठरवले आहे. हे पुण्य की पर्यावरणाची हानी?"

याचे उत्तर कोणता विषय देणार? वनस्पतिशास्त्र झाडांची यादी देईल. जमीन महसूल खात्याची, वनखात्याची की देवस्थानची, हे कायदा सांगेल. पण ज्या देवाच्या धाकाने वाळलेली काटकीही कुणी उचलत नव्हते, त्याच देवाच्या नावाने कुऱ्हाड का चालावी, हा प्रश्न श्रद्धेच्या बदलत्या रूपाचा आहे. देव उघड्यावर, झाडांच्या सावलीत होता, तोवर राई हेच त्याचे घर होते. सिमेंटचा सभामंडप आला की राई ही देवाची केवळ मालमत्ता ठरते आणि मालमत्ता विकता येते.

देवरायांच्या अभ्यासाचा इतिहासही असाच विषयांच्या सीमा ओलांडत झाला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी मातृदेवतांची ठाणी धुंडाळली आणि १९६२ साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हा ग्रंथ लिहिला. पुढच्या दशकात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून परतलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. या प्रथेची मुळे शेतीपूर्व काळात असावीत, हा कोसंबींचा तर्क त्यांनी विचारात घेतला. गणितज्ञाचे इतिहासचिंतन परिसरशास्त्राला उपयोगी पडले. पुढे गाडगीळांनी इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासह 'धिस फिशर्ड लँड' (१९९२) हा भारताचा परिसर-इतिहास लिहिला.

यांपैकी कुणी कुणाच्या विषयाचे घटक पाठ केले नव्हते. हातातला प्रश्न आपल्या विषयात मावत नाही, हे उमगल्यावर त्यांनी दुसऱ्याचे दार ठोठावले. आपला अभ्यासक्रम आठ घटक शेजारी शेजारी ठेवतो. त्यांना जोडणारा प्रश्न तो देत नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर 'बहुविद्याशाखीय' हा शब्द प्रत्येक परिपत्रकात दिसतो, म्हणून हे अधिक निकडीने सांगावेसे वाटते.

क्षेत्रभेटीसाठी मी आता विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या राईतच पाठवतो. झाडांची गावातली नावे म्हाताऱ्या बायकांकडून लिहून घ्यायची, तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहायचा, जीर्णोद्धाराची बाजू गावकऱ्यांकडून ऐकायची आणि मगच मत मांडायचे. अहवाल आखीवरेखीव नसतात. काहींना झाडाचे शास्त्रीय नाव सापडत नाही, काहींना देवाची कथा तीन जणांकडून तीन तऱ्हांनी मिळते. त्या विद्यार्थ्याच्या अहवालात शेवटी निष्कर्ष नव्हता, ग्रामसभेत विचारायचे पाच प्रश्न होते. पंचवीस गुणांच्या चौकटीत ते कुठे बसवावेत, हे मला ठरवता आले नाही. पण ते प्रश्न त्याने ग्रामसभेत खरोखरच विचारले.