बिबट्याचा केक

जयपूर शहराच्या आग्नेय कडेला अरवलीच्या टेकड्या थेट वस्तीला येऊन भिडतात. या भागाचे नाव झालाना. एका अंगाला सरकारी कार्यालयांच्या आणि निरनिराळ्या संस्थांच्या इमारती आहेत, तर दुसऱ्या अंगाला धोक वृक्षांचे रान आहे. संस्थानी काळात ही जयपूरच्या राजघराण्याची शिकारीची जागा होती. शिकाऱ्यांसाठी बांधलेली जुनी ‘औदी’ आजही त्या रानात उभी आहे. मात्र आता तेथे माणसे बंदुकीऐवजी कॅमेरे घेऊन जातात, कारण या रानात बिबटे राहतात. २०१७ साली राजस्थान शासनाने बिबट्यांच्या संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला आणि झालान्याचे नाव दूरवर पोहोचले. जवळपासच्या मुलांना मात्र बिबट्याचे फारसे अप्रूप नसते. तो त्यांचा शेजारीच असतो. त्याला ती येथल्या बोलीप्रमाणे ‘बघेरा’ म्हणतात.

नोकरीच्या निमित्ताने या भागात येऊन राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील धाकट्या मुलाने आपल्या सातव्या वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी आईला सांगितले, ‘‘आई, या वर्षी मला बघेऱ्याचा केक हवा. टेकडीवर बसलेला. अगदी खराखुरा!’’

त्या घरात अशी मागणी नवी नव्हती. थोरल्या मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला आईने केकची आगगाडी केली होती. क्रीमच्या बिस्किटांची चाके आणि लाह्यांचा धूर. सहाव्या वर्षी मुलीने हवामहल मागितला. १७९९ साली बांधलेल्या त्या पाच मजली वास्तूला ९५३ लहानमोठे झरोके आहेत. केकवर जेमतेम चाळीस मावले. उरलेले कोठे गेले, असे मुलीने विचारले, तेव्हा ‘‘ते मागच्या बाजूला आहेत,’’ असे सांगून आईने वेळ निभावून नेली होती. तिने केक करण्याचे शिक्षण कोठे घेतले नव्हते. घरात भट्टीही नव्हती. होता तो रोजच्या वरणभाताचा कुकर. त्याची शिट्टी आणि रबरी कडे काढून ठेवायचे, तळाशी जाड मीठ पसरायचे, त्यावर ताटली आणि ताटलीवर केकचा डबा ठेवायचा. मंद आचेवर पाऊण तास धीर धरायचा. एवढेच तिचे शास्त्र आणि एवढीच तिची साधने.

त्या वर्षी मात्र एक गोष्ट वेगळी घडली होती. दोन महिन्यांपूर्वी थोरल्या मुलीचा बारावा वाढदिवस आला, तेव्हा ती जरा चाचरत म्हणाली होती, ‘‘आई, या वेळी दुकानातूनच आणू या का? माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे तसाच असतो.’’

‘‘आणू या की,’’ आई लगेच म्हणाली. केक आला. तो गुळगुळीत होता, चवीलाही चांगला होता आणि मुलींना फार आवडला. रात्री सगळे आवरल्यावर आईने फडताळातला आयसिंगच्या नळ्यांचा डबा उघडून पाहिला आणि पुन्हा मागे सरकवून ठेवला. ती कोणाला काही बोलली नाही. म्हणूनच धाकट्याने बिबट्या मागितला, तेव्हा तो डबा फडताळातून जरा जास्तच लगबगीने बाहेर आला.

आपल्या मुलाने मागितलेली वस्तू साखरेतून साकारण्याची ही हौस एकट्या त्या आईची नव्हे. ऑस्ट्रेलियात १९८० साली मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचे एक पुस्तक निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर केकची आगगाडी होती आणि आतल्या पानांवर जेलीचे पाणी भरलेला पोहण्याचा तलाव होता. तेथल्या कितीतरी घरांत मुले त्या पुस्तकाची पाने उलटून आपला केक निवडत आणि आया तो रात्री जागून करत. केक फुगवणाऱ्या बेकिंग पावडरीची कथाही अशीच घरगुती आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून त्याने १८४३ साली ही पावडर तयार केली. सोडा आणि आम्ल ओलसर पिठात एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ फुगते; रसायनशास्त्राचा हा साधा नियम त्याने आपल्या माणसासाठी कामाला लावला.

वाढदिवस संक्रांतीनंतर चार दिवसांनी होता. जयपूरचे आकाश पतंगांनी भरून गेले होते आणि गावाहून आजी आल्या होत्या. येताना त्यांनी स्वतः केलेला हलवा आणला होता. मंद शेगडीवर परात ठेवून, तिळांवर चमचा-चमचा पाक घालत आणि बोटांनी ते सतत हलवत राहिले, तर दोन-तीन दिवसांनी दाण्यावर काटा येतो. घाई केली की काटा मोडतो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आईने टेकडीचा केक कुकरमध्ये ठेवला. शेजारची बरीच कुटुंबे जैन असल्यामुळे तो बिनअंड्याचा करायचा होता. अंड्याऐवजी दही आणि आटवलेले गोड दूध घातले होते. अर्ध्या तासाने तिला राहवले नाही आणि तिने झाकण उघडून पाहिले. आतली वाफ निघून गेली आणि केकचा मधला भाग खाली बसला. ती हताश होऊन त्या खळग्याकडे पाहत राहिली.

‘‘अगं, टेकडीला गुहा नको का?’’ मागून आजी म्हणाल्या. ‘‘बिबट्या राहील कुठे?’’

‘‘आई, तुम्हीसुद्धा!’’ असे म्हणताना सुनेला हसू आले. खळग्याची गुहा झाली. आजींच्या डब्यातला हलवा टेकडीवरचे खडक म्हणून पसरला गेला. बिबट्या दुसऱ्या, लंबगोल केकमधून कोरला. त्यावर लोणी आणि पिठीसाखरेचा पिवळसर थर चढला. मग दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन तिच्या टोकाला बारीक छिद्र पाडले आणि आई कोकोचे काळसर ठिपके देऊ लागली. झोपायला निघालेला धाकटा तेथे थबकला.

‘‘आई, हा चित्ता झाला! चित्त्याचे ठिपके भरीव असतात. बघेऱ्याचे पोकळ असतात, फुलासारखे. आणि प्रत्येक बघेऱ्याचे वेगळे असतात. त्यावरूनच तर जंगलातले लोक त्यांना ओळखतात!’’

त्याचे म्हणणे खरे होते. आईने सगळे ठिपके सुरीने अलगद खरवडले आणि पुन्हा आरंभ केला. पोकळ ठिपका म्हणजे मध्ये जागा सोडून भोवती काढलेली तुटक कडी. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. थंडीने मिश्रण घट्ट होत होते आणि तिची बोटे दुखत होती. तेवढ्यात थोरली पाणी प्यायला उठली. क्षणभर उभी राहून ती म्हणाली, ‘‘आई, तुझा हात थरथरतोय. दे इकडे. मेंदीच्या कोनासारखंच तर आहे.’’

शाळेतल्या मैत्रिणींच्या हातांवर मेंदी काढून काढून तिचा हात सफाईदार झाला होता. ती ठिपके काढत गेली. आई बशीत मिश्रण ढवळून, पिशव्या भरून तिला देत गेली. दुकानातल्या केकचा विषय कोणीच काढला नाही. काढण्याची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारीच मुले जमली. शेजारची जैन मुले सूर्यास्तानंतर काही खात नसत, म्हणून केक दिवसाउजेडी कापायचे ठरले होते. आजींनी नातवाला पाटावर बसवून औक्षण केले. मग झाकण उचलले आणि मुलांच्या तोंडून एकदमच ‘‘अरे वा!’’ निघाले. टेकडीवर बिबट्या ऐटीत बसला होता. वडिलांनी मुलाच्या हाती सुरी दिली.

मुलगा हललाच नाही. त्याने बिबट्याकडे पाहिले, सुरीकडे पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले. ‘‘मी नाही कापणार. त्याला लागेल.’’

कोणी हसले, कोणी समजूत घातली. ऊन उतरत चालले होते. आईला दोन दिवसांचा शीण एकदम जाणवला. मुलावर रागवावे असेही तिला क्षणभर वाटले. पण खरे सांगायचे तर तिलाही तो केक कापला जायला नको होता. जे ती बोलू शकत नव्हती, तेच मुलगा बोलत होता.

आजींनी नातवाला जवळ घेतले. ‘‘तू वर्षाचाही नव्हतास, तेव्हा तुझं बोरन्हाण केलं. मी तुझ्यासाठी हलव्याचे दागिने केले होते. हार, मुकुट, बाजूबंद. महिनाभर खपत होते. तुला काळं झबलं घालून ते सगळे चढवले. मग डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले, तर सगळी मुलं वेचायला धावली. त्या गडबडीत तुझा हारसुद्धा तुटला, आणि मुलांनी तोही खाऊन टाकला.’’

‘‘मग मी रडलो?’’

‘‘छे! तू हसत होतास. मुठीत एक दाणा राहिला होता, तो चोखत बसला होतास.’’

‘‘आणि तू?’’

आजी थोडा वेळ थांबल्या. ‘‘मला वाईट वाटलं रे, थोडंसं. पण तो हार फडताळात ठेवला असता, तर मुंग्यांनीच खाल्ला असता. मुलांनी खाल्ला, हे बरं झालं.’’

मुलगा विचारात पडला. त्याने सुरी उचलली, टेकडीला वळसा घालून तो गुहेच्या बाजूला गेला आणि तेथून पहिला तुकडा कापला. तो त्याने शेजारच्या सर्वांत लहान मुलीला दिला. पाहता पाहता टेकडी सरली. खडक वेचण्यासाठी मुलांची झोंबाझोंबी झाली. उन्हे टेकड्यांआड जाण्यापूर्वी प्रत्येकाच्या तोंडाला कोको लागला होता. रिकाम्या परातीत एकटा बिबट्या तेवढा उरला.

तो दोन दिवस फ्रिजमध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मुलगा आपण होऊन म्हणाला, ‘‘आता खाऊ या.’’ त्याने शेपटी स्वतः घेतली आणि पंजा ताईला दिला. पाठीवरच्या ठिपक्यांचा तुकडा त्याने आईसमोर धरला. आईने ते ठिपके एकदा नीट पाहिले. चित्त्याचे नव्हेत, बिबट्याचेच होते. आणि तेही मुलीच्या हातचे. मग तिने तो तुकडा तोंडात टाकला.

मातीचा गणपती, दिवाळीतला किल्ला, दारातली रांगोळी, हलव्याचा हार. आपल्याकडे जीव ओतून केलेल्या कितीतरी वस्तू टिकवण्यासाठी नसतात. करणाऱ्याला हे ठाऊक असते, तरी तो रात्र जागवतो. त्या संध्याकाळी आईने आयसिंगच्या नळ्या धुऊन, पुसून डब्यात ठेवल्या. डबा फडताळात मागे न ढकलता तिने तो पुढच्याच फळीवर, मुलीच्या हाताला येईल असा ठेवला.